नोंदवहीतले घराणे : बेडफर्डशरची स्थानिक दप्तरे आणि बन्यन कुटुंब

ज्या इंग्रजी ग्रंथांशी मराठी वाचकांचा परिचय प्रथम झाला, त्यांत जॉन बन्यनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'ची गणना करावी लागते. १६७८ मध्ये प्रसिद्ध झालेले हे रूपक हरि केशवजी यांनी १८४१ मध्ये 'यात्रिक क्रमण' या नावाने मराठीत आणले. या ग्रंथाचा कर्ता भांडी दुरुस्त करणारा कारागीर होता. आपल्या पित्याचे घराणे देशातील अत्यंत हीन आणि तिरस्कृत समजल्या जाणाऱ्या घराण्यांपैकी होते, असे त्याने आत्मनिवेदनात स्वतःच लिहून ठेवले आहे. सरदार-उमरावांच्या वंशावळी राखणारे अधिकारी इंग्लंडात पुष्कळ होते. पण गावोगाव फिरणाऱ्या तांबटाची वंशावळ राखण्याचे कोणाला कारण नव्हते. असे असूनही या घराण्याच्या कित्येक पिढ्यांची माहिती आज अभ्यासकाला उपलब्ध आहे. ती कोठून आली आणि तिच्यावर कितपत विसंबावे, याचा विचार केला म्हणजे इंग्लंडातील एखाद्या काउंटीच्या स्थानिक दप्तरांतून सामान्य कुटुंबाचा इतिहास कसा शोधला जातो, हे बऱ्याच अंशी ध्यानात येते.

प्रथमच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. आपल्याकडे तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्यांत कुटुंबाची नोंद होते ती कुटुंब म्हणूनच. यात्रेकरू स्वतः जातो, पूर्वजांची नावे सांगतो, आणि नवे नाव जुन्या नावांच्या खाली पडते. इंग्लंडातील पॅरिशची नोंदवही अशा हेतूने लिहिलेली नाही. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील वस्ती. त्या वस्तीत कोणाचा बाप्तिस्मा झाला, कोणाचा विवाह झाला आणि कोणाला पुरले, एवढेच पाद्री तारीखवार लिहीत जातो. एका पानावर वीस घराण्यांची माणसे एकमेकांशेजारी येतात आणि नाहीशी होतात. त्यांतून एका घराण्याचा धागा वेगळा काढणे हे पुढच्या काळातील शोधकाचे काम आहे. लिहिणाऱ्याच्या मनात तो धागा नव्हताच.

ही नोंदवही ठेवण्याची आज्ञा आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत टॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये काढली. हेतू शासकीय होता, आणि लोकांनाही तो तसाच वाटला. बाप्तिस्म्यावर आता कर बसणार, अशी भीती अनेक ठिकाणी पसरली होती. प्रारंभीच्या नोंदी बहुधा सुट्या कागदांवर होत्या व त्यांतील पुष्कळ नष्ट झाल्या. एलिझाबेथच्या कारकिर्दीच्या अखेरीस, १५९८ च्या सुमारास, नोंदी चर्मपत्राच्या वहीत उतरवाव्यात आणि दर वर्षी त्यांची एक नक्कल बिशपच्या कचेरीकडे पाठवावी, असा नियम झाला. या दुसऱ्या तरतुदीचे महत्त्व त्या वेळी कोणाला फारसे जाणवले नसेल. बन्यनचे गाव एल्स्टो हे बेडफर्ड शहराच्या दक्षिणेस अगदी जवळ आहे. या गावाची १६४१ पूर्वीची मूळ नोंदवही हरवली आहे. आर्चडीकनच्या कचेरीकडे गेलेल्या वार्षिक नकला मात्र टिकल्या, आणि ३० नोव्हेंबर १६२८ रोजी धाकट्या टॉमसचा मुलगा जॉन याचा बाप्तिस्मा झाला, ही नोंद आपल्याला मिळते ती या नकलेतून. इंग्रजीतील एका अत्यंत लोकप्रिय ग्रंथकाराच्या जन्माचा पुरावा असा वरिष्ठ कचेरीला पाठवलेल्या वार्षिक कागदामुळे वाचला आहे.

त्या नोंदीत मातेचे नाव नाही. ते मिळवण्यासाठी एक वर्ष मागे जावे लागते. २३ मे १६२७ रोजी टॉमस बन्यनचा विवाह मार्गारेट बेंटलीशी झाल्याची नोंद आहे. त्याच्याही मागे गेल्यास याच टॉमसचा १६२३ मधला पहिला विवाह आढळतो. ती पत्नी १६२७ मध्ये वारली होती. मग १६४४ साल येते. जूनमध्ये मार्गारेटचे दफन, जुलैत जॉनच्या त्याच नावाच्या बहिणीचे दफन, आणि ऑगस्टमध्ये टॉमसचा तिसरा विवाह. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये न्यूपोर्ट पॅग्नेल येथील पार्लमेंटच्या सैन्याच्या हजेरीपटावर जॉनचे नाव दिसते. त्या वेळी तो सोळा वर्षांचा होता.

येथे चरित्रकाराला मोह पडतो. आई आणि बहीण गेली, बापाने दुसरी बाई घरात आणली, संतापलेला मुलगा सैन्यात निघून गेला, अशी कथा या तारखांतून सहज उभी राहते, आणि ती सांगणारे चरित्रकार झालेही आहेत. दप्तरात मात्र यांतले काहीही नाही. तो आपण होऊन भरती झाला की गावाच्या वाट्याला आलेल्या सक्तीच्या भरतीत गेला, हेही हजेरीपट सांगत नाही. शिवाय त्या काळच्या कारागिराच्या घरात पत्नी ही संसाराची व धंद्याची निम्मी बाजू असे. लवकर केलेला पुनर्विवाह हा निष्ठुरपणाचा पुरावा मानण्यापूर्वी त्याच नोंदवहीतील इतर विधुरांनी किती दिवसांनी लग्ने केली, हे पाहिले पाहिजे. घराण्याचा शोध करणारे बहुतेक लोक आपल्या आडनावापुरती वही वाचतात. ही त्यांची सर्वांत मोठी चूक म्हणावी लागेल.

आडनावाविषयी बोलायचे तर तेही एकसारखे नाही. बन्यन हे नाव जुन्या कागदांत चौतीस प्रकारांनी लिहिलेले आढळते, असे मोजणारांनी मोजले आहे. बोन्यन, बुन्यन, बिनियन, बॉयनन अशी त्याची रूपे होतात. लिहिणारा जसे ऐकेल तसे लिही, आणि ज्याचे नाव तो अनेकदा निरक्षर असल्याने हरकत घेण्याचा प्रश्नच नसे. तारखांचेही तसेच. १७५२ पूर्वी इंग्लंडात कायदेशीर वर्षारंभ २५ मार्चला होई. बन्यनच्या पित्याचा बाप्तिस्मा २४ फेब्रुवारी १६०२ या तारखेस नोंदलेला असला तरी आजच्या गणनेने ते साल १६०३ धरावे लागते. हे लक्षात न घेतल्यास मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेले दिसू लागते आणि निष्पाप घराण्यावर नसता कलंक येतो.

याहून सूक्ष्म अडचण आहे ती नोंद करणाऱ्याच्या हेतूची. बन्यनची पहिली मुलगी, पुढे ज्या अंध मेरीचा उल्लेख त्याने कळवळून केला ती, हिचा २० जुलै १६५० रोजी एल्स्टो येथे बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. दुसरी मुलगी एलिझाबेथ हिच्याविषयी मात्र ती १४ एप्रिल १६५४ रोजी जन्मली, एवढेच लिहिले आहे. बाप्तिस्म्याचा शब्द नाही. मधल्या चार वर्षांत बन्यन बेडफर्डच्या स्वतंत्र धर्ममंडळाच्या प्रभावाखाली आला होता. तेव्हा त्याचे बालबाप्तिस्म्याविषयीचे मत बदलले आणि त्याचा हा पुरावा, असा अर्थ काढण्यास जागा होती. परंतु १६५३ मध्ये पार्लमेंटने कायदा करून नोंदीचे काम पाद्र्यांकडून काढून नागरी नोंदणीदारांकडे दिले होते, आणि त्या कायद्यान्वये बाप्तिस्म्याऐवजी जन्माची तारीख लिहिणे प्राप्त होते. त्या वर्षी शेजाऱ्यांच्या मुलांचीही नोंद तशीच झाली असणार. एका शब्दाच्या बदलावरून एका मनुष्याचे धर्मांतर सिद्ध होत नाही. सरकार बदलले होते, एवढे सिद्ध होते.

असे प्रकार पुढेही घडत राहिले. १७८३ मध्ये चर्चच्या प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर बसला आणि कंगालांना त्यातून सूट मिळाली. तो कर १७९४ पर्यंत चालला. त्या अकरा वर्षांच्या नोंदवह्या वाचून गावात एकाएकी दारिद्र्य वाढले असा निष्कर्ष काढणारा शोधक फसण्याचा संभव आहे. दयाळू पाद्र्याने काही कुटुंबांना तीन पेन्स वाचवून दिले असतील. दप्तर खोटे बोलते असे नव्हे. त्याला ज्या प्रश्नाचे उत्तर हवे होते तो प्रश्न निराळा होता.

जेथे कोणी प्रश्नच विचारला नाही, तेथे मौन आहे. बन्यनने १६४८-४९ च्या सुमारास प्रथम विवाह केला. त्या पत्नीने माहेराहून दोन धर्मग्रंथ आणले होते आणि दोघांकडे मिळून एखादी थाळी वा चमचाही नव्हता, हे त्याने सांगितले आहे. तिचे नाव मात्र सांगितलेले नाही. त्या विवाहाची नोंद आजवर सापडलेली नाही. यादवी युद्धाच्या त्या वर्षांत अनेक गावच्या वह्यांत खंड पडले. विवाह दुसऱ्या गावी झाला असल्यास तोही अशाच एखाद्या खंडात बुडाला असेल. थोरल्या मुलीच्या नावावरून काहींनी या स्त्रीला मेरी म्हटले आहे, पण ते अनुमानच आहे. चार मुलांची आई, आणि ज्या ग्रंथांनी आपल्या मनाला पहिले वळण लागले असे बन्यन सांगतो ते घरात आणणारी ही स्त्री, निनावीच राहिली आहे.

दुसरी पत्नी एलिझाबेथ हिची गोष्ट वेगळी आहे. परवानगीशिवाय धर्मोपदेश केल्याबद्दल नोव्हेंबर १६६० मध्ये बन्यनला पकडण्यात आले आणि तो पुढे बारा वर्षे बेडफर्डच्या तुरुंगात राहिला. ऑगस्ट १६६१ मध्ये एलिझाबेथ फिरत्या न्यायाधीशांसमोर उभी राहिली आणि पतीच्या सुटकेसाठी तिने त्यांच्याशी समोरासमोर वाद घातला. सर मॅथ्यू हेल हे त्या न्यायाधीशांपैकी एक होते. तिचे बोलणे आपल्यापर्यंत आले ते न्यायालयाच्या दप्तरातून नव्हे, बन्यनने तुरुंगात लिहून ठेवलेल्या वृत्तांतातून. आणि तोही छापला गेला १७६५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सत्याहत्तर वर्षांनी.

नोंदवहीच्या मागे जायचे असल्यास मृत्युपत्रे आणि जहागिरीच्या न्यायसभेचे कागद यांचा आधार घ्यावा लागतो. बन्यनच्या आजोबाने १६४१ मध्ये मृत्युपत्र केले. त्यात तो स्वतःला किरकोळ माल विकणारा फेरीवाला म्हणवतो. पित्याच्या १६७६ च्या मृत्युपत्रात धंदा तांबटाचा आहे, आणि सहीच्या जागी खूण आहे. ज्याच्या मुलाचा ग्रंथ दोनच वर्षांनी लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांकडे हातोहात खपू लागला, त्याला स्वतःला नाव लिहिता येत नव्हते. आणखी मागे, १५४८ च्या एल्स्टो जहागिरीच्या कागदांत, विल्यम बोन्यनच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा टॉमस याच्याकडे घर, लगतचा जमिनीचा तुकडा आणि नऊ एकर शेत आल्याचे नमूद आहे. याच टॉमसची बायको बिअर गाळून विकीत असे, आणि ठरलेले दर व माप मोडल्याबद्दल तिला दंड झाल्याच्या नोंदी त्या सभेच्या कागदांत आहेत. दंड झाला म्हणून तिचा धंदा आपल्याला ठाऊक झाला. मापात चोख असलेल्या शेजारणी इतिहासातून पार पुसल्या गेल्या.

एवढी मागची पिढी शोधण्याची गरज का पडली, याचे कारण मनोरंजक आहे. भांडी दुरुस्त करीत फिरणारा म्हणजे जिप्सी, या समजुतीने बन्यन जिप्सी वंशाचा असावा असा तर्क सर वॉल्टर स्कॉट याने १८३० मध्ये मांडला होता, आणि पुढे जेम्स सिम्सन याने तो हिरिरीने लढवला. बेडफर्डच्या बन्यन धर्ममंडळाचे पाद्री जॉन ब्राऊन यांनी १८८५ च्या आपल्या चरित्रात स्थानिक कागदांचा ढीग पुढे ठेवून हा तर्क निकालात काढला. (हे ब्राऊन अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचे मातामह होत.) बन्यन नावाची माणसे या काउंटीत ११९९ पासून आढळतात आणि त्यांच्याकडे जमिनी होत्या, हे त्यांनी दाखवले. येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पुढची साखळी बऱ्यापैकी जुळते. त्याआधीची साडेतीनशे वर्षे ही नावाची परंपरा आहे, रक्ताची असल्याचा पुरावा नाही; ११९९ चा मनुष्य कवीचा पूर्वज असेलही, नसेलही. जिप्सी असण्यात काही उणेपणा आहे असे गृहीत धरूनच उभय पक्ष झगडले, हेही नमूद करावेसे वाटते. परंतु ब्राऊन यांच्या पद्धतीने एक गोष्ट कायमची केली. हीन कुळात जन्मल्याचे बन्यनचे विधान धार्मिक नम्रतेचे होते की वस्तुस्थितीचे, हा प्रश्न आता कागदांवरून विचारता येतो. नऊ एकर बाळगणारे घराणे तीन पिढ्यांत फेरीवर आणि मग भांड्यांच्या दुरुस्तीवर आले. तेव्हा विधान अतिशयोक्त असले तरी निराधार नव्हते.

बन्यन कुटुंबाला जो प्रसंग आला नाही तो हजारो इंग्रज कुटुंबांना आला, आणि त्यांच्या वंशजांना दप्तराचा सर्वांत समृद्ध भाग तेथेच सापडतो. १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपल्या गरिबांना पोसण्याची जबाबदारी आली. १६६२ च्या कायद्याने परक्या पॅरिशचा मनुष्य आपल्यावर भार होईल असे वाटल्यास त्याला चाळीस दिवसांच्या आत त्याच्या मूळ वस्तीच्या ठिकाणी परत पाठवण्याची सोय झाली. मग तो कोठला, हे ठरवण्यासाठी दंडाधिकाऱ्यांपुढे त्याची शपथेवर जबानी घेतली जाई. जन्म कोठे झाला, कोणाकडे उमेदवारी केली, कोणत्या शेतकऱ्याकडे पुरे एक वर्ष चाकरीला होता, लग्न कोठे केले, मुले किती, अशी सर्व हकीकत एका कागदावर येते. अविवाहित गरोदर स्त्रीकडून मुलाच्या बापाचे नाव वदवून घेतले जाई, कारण पोटगी त्याच्याकडून वसूल झाली नाही तर ती गावाच्या करातून द्यावी लागे. ज्या शेतमजुराचे नाव एरवी बाप्तिस्मा, विवाह, दफन या तीन ओळींत संपले असते, त्याचे आत्मचरित्रच असे गावच्या कंजुषीमुळे शिल्लक राहिले आहे. मात्र हे सांगणे दडपणाखालचे आहे. परत पाठवले जाऊ नये म्हणून मनुष्य काय काय सांगेल, याचा विचार वाचणाऱ्याने करावा.

एकोणिसाव्या शतकात वाट सोपी होते. १ जुलै १८३७ पासून जन्म, विवाह व मृत्यू यांची नागरी नोंदणी सुरू झाली. १८४१ च्या जनगणनेत प्रथमच घरोघरची नावे टिपून ठेवली गेली, पण पंधरा वर्षांवरील व्यक्तींची वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली होती. १८५१ मध्ये नेमके वय, कुटुंबप्रमुखाशी नाते आणि जन्माचे पॅरिश आले. बेडफर्डशरच्या या याद्यांतून लेस विणणाऱ्या आणि टोप्यांसाठी गवताच्या वेण्या वळणाऱ्या बायका व अगदी लहान मुली पानोपानी भेटतात. घराण्याच्या शोधास आरंभ येथूनच करावा आणि ज्ञात पिढीकडून एकेक पायरी मागे जावे. वरून एखादा प्रसिद्ध पूर्वज धरून खाली उतरणारे शोध बहुधा इच्छेच्या बळावर उतरतात.

ही सारी कागदपत्रे एके ठिकाणी, नीट लावलेली मिळतात, याचे श्रेय बेडफर्डशरमध्ये मुख्यतः जॉर्ज हर्बर्ट फाउलर यांना आहे. ते मूळचे प्राणिशास्त्रज्ञ होते, सागरी जीवांचे अभ्यासक. त्यांच्या प्रयत्नांनी १९१२ मध्ये काउंटीची ऐतिहासिक ग्रंथमाला चालवणारी संस्था आणि १९१३ मध्ये इंग्लंडातील पहिले काउंटी दप्तरखाना म्हणून मानले जाणारे कार्यालय बेडफर्ड येथे उभे राहिले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले एफ. जी. एमिसन यांनी १९३१ पासून काउंटीच्या सर्व पॅरिशांच्या १८१२ पर्यंतच्या नोंदवह्यांच्या नकला प्रसिद्ध करण्याचे काम हाती घेतले आणि तडीस नेले. १९७८ च्या चर्चच्या नियमानंतर शंभर वर्षांवरच्या मूळ वह्याही सामान्यतः अशा दप्तरखान्यांत जमा होऊ लागल्या. बेडफर्डशर काउंटी कौन्सिल २००९ मध्ये बरखास्त झाले. दप्तरखाना मात्र तिन्ही स्थानिक सत्तांच्या वतीने चालू राहिला.

बन्यनच्या स्वतःच्या आयुष्यातील दोन कागद एकमेकांशेजारी ठेवण्यासारखे आहेत. मार्च १६७५ मध्ये त्याला पुन्हा पकडण्यासाठी काढलेल्या, अनेक दंडाधिकाऱ्यांच्या सह्यांच्या वॉरंटात त्याचा धंदा टिंकर, म्हणजे डाख लावीत फिरणारा, असा लिहिला आहे. २३ डिसेंबर १६८५ रोजी, छळाचे दिवस पुन्हा आलेले पाहून, त्याने आपली सारी मालमत्ता एलिझाबेथच्या नावे करून दिली. त्या दानपत्रात तो स्वतःला तांबट म्हणवतो, पित्याच्या मृत्युपत्रातील शब्दानेच. ग्रंथकार किंवा धर्मोपदेशक असा उल्लेख नाही. हे दानपत्र त्याने घरातच लपवून ठेवले. १६८८ मध्ये तो वारला तेव्हा ते पुढे आले नाही. एलिझाबेथला रीतसर अर्ज करून मिळकतीच्या व्यवस्थेचा अधिकार घ्यावा लागला, आणि ती मिळकत ४२ पौंड १९ शिलिंगांची भरली. सेंट कथबर्ट पॅरिशमधील ते घर १८३८ मध्ये पाडण्यात आले, तेव्हा भिंतीतील विटांच्या मागे दानपत्र सापडले.